ढोल ऐकून वळलेली कयाक

मी एक जुनी, पिवळी कयाक आहे. मित्रांनो, कयाक म्हणजे एकाच माणसाने बसायची लांबट नाव. दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती खळाळत्या पाण्यातून न्यायची. साच्यात प्लास्टिक वितळवून मला घडवले. पाच वर्षे मी कोकणात पर्यटकांना फिरवले. अंगावर ओरखडे पडले तशी माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून ममताबाईंनी मला जीपच्या टपावर बांधून यवतमाळ जिल्ह्यात आणले. त्या मुकुटबनकडच्या एका शाळेत खेळ शिकवत.

पैनगंगेवर मला पायल भेटली. एकोणीस वर्षांची, ममताबाईंकडे कयाक शिकणारी, वल्ह्यावर हात घट्ट. तिचे वडील भीमराज ढोलकी वाजवत भीमगीते गात. आसपासच्या गावांत त्यांच्या आवाजाला मान होता. त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली आणि शेतोशेती फवारण्या सुरू झाल्या. भीमराज रोजाने फवारणीला जात. हातात मोजे नाहीत, तोंडाला मास्क नाही. एके दुपारी वारा फिरला आणि औषध त्यांच्या डोळ्यांत गेले. दवाखान्यातून ते परतले, पण उजेड आणि सावली यापलीकडे त्यांना काही दिसेना. पायलचा सराव असला की तिची आई पंचफुला त्यांना हात धरून काठावर आणून बसवी. ते सारखे विचारत, "आता कुठं हाय थे?"

फवारणीच्या विषाने गावोगाव घरे पोळली होती; त्या साली कुणालाच सण गोड लागत नव्हता. माणसे एकत्र यायची ती बहुधा कुणाच्या तरी दुःखाला. म्हणून ममताबाईंनी नदीकाठी मेळा ठरवला. दिवसा कयाकी धावणार आणि काठावर गाणी होणार, संध्याकाळी पांढऱ्या पडद्यावर नद्यांचे चित्रपट. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या लालीबाई तिथल्या बायकांना घेऊन आल्या. कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, मंडळी आपला मोठा ढोल घेऊन आली. डोळे गेल्यापासून भीमराज पहिल्यांदाच गाणार होते.

मला मात्र सकाळपासून चैन नव्हते. पाणी मातकट झाले होते. माझ्या पोटाला ते कालच्यापेक्षा गार लागत होते. वर कुठेतरी पाऊस झाला असावा. पण मला बोलता कुठे येते?

पायल मला घेऊन प्रवाहात उतरली. पुढे दोन काळ्या खडकांमधून नदी अरुंद होऊन खाली उडी घेते. आम्ही निम्म्या वाटेत असताना काठावर काय घडले, ते मला नंतर कळले. भीमराजांनी गाणे मध्येच थांबवले.

"मॅडम, नदीचा आवाज बदलला," ते ममताबाईंना म्हणाले. "पानी वाढून राह्यलं."

ममताबाईंनी शिटी फुंकली. नदीच्या गर्जनेत ती विरून गेली. तेव्हा भीमराज चाचपडत कोलामांच्या ढोलापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी तो बडवू लागले. ताल नाही, गाणे नाही, नुसता एकसारखा ठोका.

पायलच्या गुडघ्यांची पकड माझ्यावर घट्ट झाली. पाण्यावरून येणारा ढोलाचा तो ठोका वडिलांच्या हातचा, हे तिने ओळखले. तिने काठाकडे पाहिले. ममताबाई लाल ओढणी हलवत होत्या. खडक पन्नास हातांवर होते. तिने वल्हे खोल रोवले, मला आडवे वळवले. प्रवाह आम्हाला खाली ओढत होता. मी हेलकावले, कलले, आणि काठच्या दगडावर जाऊन आदळले. माझे पोट फाटले. पायल मला ओढत चिखलात चढली.

ढोल अजून वाजतच होता. इतक्यात एक आख्खी बाभूळ पुरात वाहत आली आणि त्या दोन खडकांमध्ये आडवी अडकली.

पायलने वडिलांचे हात धरले. तळवे लालभडक झाले होते.

"बाबा, आली मी. थांबा आता."

"मले तू दिसत नव्हती," ते म्हणाले. "म्हणून वाजवतच राह्यलो."

संध्याकाळी पडदा लागला. पंचफुलाने लेकीला क्षणभरही नजरेआड होऊ दिले नाही. पायल वडिलांजवळ बसून चित्रपटात काय दिसते ते हळू आवाजात सांगत होती, आणि मागची माणसेही पडद्याकडे बघायचे सोडून तिचेच ऐकत होती.

मित्रांनो, आता मी शाळेच्या पडवीत असते. ऊन आणि उंदीर यांपासून मला जपा, एवढेच माझे माझ्यापुरते मागणे. पण तुमच्या शेतात कुणी पाठीवर पंप घेऊन उतरत असेल, तर आधी त्याचे हात आणि तोंड झाकले आहे का, ते बघा. ममताबाईंनी प्लास्टिक तापवून माझे पोट सांधले. भीमराजांचे डोळे मात्र कुणालाच सांधता आले नाहीत.