समोर बसून ऐकणारी

पार्लरवालीला समुपदेशक व्हायचं होतं. बायका तिच्या खुर्चीत बसल्या की केसांबरोबर मनही मोकळं करायच्या, आणि ही सगळं पोटात ठेवायची. पण पोटात ठेवणं वेगळं आणि माणसाला सावरणं वेगळं, एवढी अक्कल बाईला होती.

थोरल्या जाऊबाईंनी लगेच एक कोर्स शोधून आणला. "दोन रविवारांत काम फत्ते! वर सर्टिफिकेट फ्रेमसकट."

"म्हणजे खिळा तेवढा आपला," नवरा म्हणाला.

तिने तिथे फोन लावला. "पहिलं दुःखी माणूस माझ्यासमोर बसेल, तेव्हा माझं चुकतंय का, ते कोण बघणार?"

"मॅडम, तशी गरजच पडत नाही."

गरज पडत नाही म्हणे! केस कापायला शिकताना मालकिणीने तिला कित्येक महिने गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावू दिला नव्हता. आणि डोक्याच्या आतलं दोन रविवारांत? तिने फोनच ठेवला.

मग दुसरी संस्था सापडली. दोन वर्षं, जाणत्यांच्या देखरेखीखाली सराव. मान्यता आहे म्हणाले, पण आपलं ते बाळ सगळ्यांनाच गोड! तिने थेट मान्यता देणाऱ्या परिषदेला विचारून खात्री केली. आता प्रश्न एकच होता, ते हिला घेतात का. जागा मोजक्या, आणि निवड मुलाखतीवर.

"तुला कोण घेणार गं?" जाऊबाई म्हणाल्या. ते तिला फार लागलं.

मुलाखतीत पिकल्या केसांच्या प्राध्यापिका म्हणाल्या, "मी माझी खरी अडचण सांगते. तुम्ही ऐका." आणि त्या निवृत्तीबद्दल बोलू लागल्या.

आमची बाई उठली, त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, आणि दोन बोटांनी त्यांची मान हळूच सरळ केली!

शेजारी बसलेल्या सरांना हसू आवरेना. हिला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. "माफ करा हो! मी मागे उभी राहूनच ऐकते. समोर आरसा असतो ना."

"मग आज समोर बसून बघा," प्राध्यापिका म्हणाल्या.

ती बसली. हातात कात्री नाही, हात ठेवायचे कुठे तेच कळेना. सल्ला जिभेच्या टोकावर आला, तो तिने गिळला. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाली, "घरी एकटीने बसायची भीती वाटते तुम्हाला."

प्राध्यापिकांनी चष्मा काढून डोळे टिपले. "वाटते," म्हणाल्या. "आणि तुम्हाला अजून पुष्कळ शिकायचंय. सोमवारपासून या."

बाई जिना अक्षरशः उड्या मारत उतरली. पहिला फोन जाऊबाईंना. "घेतलं हो मला!"

पलीकडून आधी आनंदाची किंकाळी आली. मग जाऊबाई हळूच म्हणाल्या, "मग आधी माझंच ऐक ना गं. किती दिवस झाले, कुणाशी बोललेच नाहीये."

"समुपदेशक व्हायला अजून दोन वर्षं आहेत," ही म्हणाली. "आज नुसती जाऊ आहे. चालेल?"

"धावेल!" जाऊबाई रडत रडत हसल्या. "थांब तिथेच, आलेच मी."