समोरची खुर्ची

थोरल्या लेकीला जुळं झालं त्या उन्हाळ्यात, एका रविवारी दुपारी, तिची आई जुन्या राजवाड्याच्या जिन्यावर मधेच थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"काय गं, दमलीस?" नवऱ्यानं वरून विचारलं.

"छे! चित्रं बघतेय."

भिंतीवर चित्र नव्हतंच. पण तो तोवर पुन्हा वर चढू लागला होता. डावा हात कोपरात दुमडून पोटाशी धरलेला, जणू त्यावर अजून पांढरा रुमाल आहे. सगळी हयात त्यानं एका मोठ्या हॉटेलात वेटर म्हणून काढली होती. ताठ चालतो म्हणून तिथं त्याला सगळे मेजर म्हणत. निवृत्त झाला तरी तो हात काही खाली यायला तयार नव्हता.

तिची धाप जरा बसली. मागच्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला एकटीला समोर बसवून सांगितलं होतं. फार तर थंडीपर्यंत. घरी तिनं चकार शब्द काढला नव्हता. दोन तान्ही रडत असताना असलं काही बोलणार तरी कसं? म्हणून लेकीनं हातावर तिकिटं ठेवून, "जा दोघं, जन्मात कधी कुठं गेलात का?" म्हटलं, तेव्हा ती एका पायावर तयार झाली. मनाशी ठरवूनच निघाली होती. आज जेवताना सांगायचं, समोरासमोर बसून.

तेच तर अवघड होतं. लग्न झाल्यापासून तो तिच्यासमोर जेवायला कधी बसलाच नव्हता. हॉटेलात सगळ्यांचं उरकल्यावर भिंतीला टेकून दोन घास खायचे. सुट्टीच्या दिवशी घरी तिला आणि पोरांना हौसेनं वाढायचं, आणि मग स्वतः ओट्याशी उभं राहून जेवायचं. बसा म्हटलं की म्हणायचा, "बसलं की घास उतरत नाही बघ."

वरच्या दालनात राजाराणीचं जेवणाचं टेबल मांडून ठेवलं होतं. या टोकाला एक खुर्ची, त्या टोकाला एक.

"अहो, एवढ्या लांबून बोलत कसे असतील?"

"बोलायचं कशाला? मधे वाढणारे असतात की. इकडचं तिकडे तेच सांगत असतील."

ती हसली, आणि हसता हसता तिला पुन्हा धाप लागली. तो दोरीपलीकडच्या पेल्यांकडे बघत होता.

नदीकाठी झाडांखाली टेबलं टाकलेलं एक हॉटेल होतं. गर्दी मरणाची, आणि एकच जाडासा वेटर घामानं निथळत पळत होता. कोपऱ्यातलं टेबल मिळालं. ताटं आली.

"आज उठायचं नाही हं."

"नाही उठत. तुझी शपथ."

तिनं पाण्याचा घोट घेतला. शब्द जुळवले.

"अहो, मला एक सांगायचंय..."

मागं खळ्ळकन आवाज झाला. जाड्या वेटरच्या हातून अख्खा ट्रे सुटला होता.

"आलोच," नवरा म्हणाला. गेलाच.

काचा गोळा झाल्या. मग एका हातावर चार ताटं घेऊन तो टेबलांमधून असा निघाला की कुणाच्या कोपराला धक्का नाही. सकाळपासून परक्याच्या लग्नात आल्यासारखा हिंडणारा माणूस आता खुलला होता. तिनं त्याला कामावर कधी पाहिलंच नव्हतं. वेटरच्या बायकोनं त्या हॉटेलात पाऊल टाकायचं नाही, अशी तिथली रीत होती. हाच का आपला नवरा, असं तिला वाटून गेलं.

ती एकटीच जेवू लागली. त्याच्या ताटावर तिनं रिकामी ताटली झाकली.

"बाई, ही खुर्ची घेऊ का?" शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थानं विचारलं.

"नाही. माणूस आहे."

"कुठाय?"

तिनं बोट दाखवलं.

"अहो, ते तर वेटर आहेत!"

"हो. तेच."

फेरी मारत मारत तो तिच्याही टेबलाशी आला. नजर पुढच्या टेबलावर, मान किंचित झुकलेली.

"आणखी काही हवं का, बाई?"

किती मऊ आवाज होता! घरी इतक्या वर्षांत तिनं तो ऐकला नव्हता. तिनं वर पाहिलं, तशी त्याला चूक कळली. कान लालबुंद झाले.

शब्द तिच्या जिभेवर होते. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आलेलं समाधान.

"हवंय," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

त्यानं हातातली रिकामी ताटं टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "असं कुणी विचारत नाही गं."

त्यानं ताटली बाजूला केली, ताट उचललं आणि तिथंच उभ्यानं पहिला घास घेतला. तिनं समोरच्या खुर्चीकडे एकदा बघितलं. मग आपलं ताट घेऊन तीही उठली आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. चार गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"तू बस की. तू कशाला?"

"बसलं की घास उतरत नाही बघ."

परतीच्या गाडीत त्याला आठवलं. "मघाशी काय सांगत होतीस गं?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

"भाजीत मीठ जास्त होतं."

"होतंच. मी आत सांगून आलोय त्यांना."

त्याच वर्षी थंडीत, जुळी रांगायला लागली त्या आठवड्यात, ती गेली.