माझ्या रजेसाठी आईचा अर्ज

आमच्या कंपनीत सगळं फुकट मिळतं. नाश्ता, जेवण, चारचं खाणं, नऊ प्रकारचं दूध, त्यातलं गाईचं फक्त एक. कपडे धुवायला मशीन आहे. डोळे मिटून पडायला अंड्याच्या आकाराच्या खुर्च्या आहेत. महिन्यातून दोनदा दाताच्या डॉक्टरची गाडी खाली येऊन उभी राहते, म्हणजे दाढ दुखली तरी तुम्ही बिल्डिंग सोडून जायला नको. आणि रजा अनलिमिटेड. पंधरा दिवस, वीस दिवस असला कंजूषपणाच नाही. हवी तेवढी घ्या. सहा वर्षांपूर्वी नोकरीला लागलो तेव्हा मी हे फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "असं नसतं रे कुठे. कागद नीट वाच."

आई अमरावती जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाली. एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या रजा सांभाळल्या. किरकोळ रजा, अर्जित रजा, परिवर्तित रजा, सगळे नियम तोंडपाठ. शिक्षक, ग्रामसेवक, शिपाई, सगळे अर्ज घेऊन तिच्या टेबलापुढे उभे राहायचे. त्यामुळे जगात काहीही अडलं की ते लेखी अर्ज न केल्यामुळेच अडलं, असं तिचं ठाम मत आहे.

यंदा एप्रिलमध्ये ती आमच्याकडे कॅनडात, कोक्विटलामला आली, सहा महिन्यांसाठी. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. तिची एकच मागणी होती. मी दहा दिवस रजा घ्यावी आणि सगळ्यांनी मिळून गाडीने जॅस्परला जावं. तिथे बर्फाच्या नदीवर उभं राहता येतं असं तिने वाचलं होतं. "बर्फ नाही पाहिला तरी चालेल," ती म्हणायची, "पण दहा दिवस तू घरात दिसला पाहिजेस."

मी मे महिन्यात म्हणालो, जूनमध्ये जाऊ. जूनमध्ये म्हणालो, नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, जुलैमध्ये बघू. जुलैमध्ये तिने विचारलं, "अर्ज केलास का?"

"केला."

"मग?"

"पेंडिंग आहे."

झालं. तो एक शब्द मला पुढे दोन महिने पुरला. दर रविवारी पोहे खाताना ती विचारायची, "मंजूर झाली का?" आणि मी म्हणायचो, "अजून पेंडिंग." तिचा विश्वास बसायचा, कारण साहेब अर्ज दाबून ठेवतात हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. "स्मरणपत्र दे," ती म्हणायची. अस्मिता, माझी बायको, हे ऐकून ताटावरून उठून जायची. तिला खरं माहीत होतं. मी अर्ज वगैरे काही केलेला नव्हता. तोंडानेही कोणाला विचारलं नव्हतं.

का नाही विचारलं, हे सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी आमच्या ग्रुपमधल्या अकरा माणसांची नोकरी गेली. त्यात निमिष होता, पुण्याचा, माझ्या शेजारच्या डेस्कवरचा. भावाच्या लग्नाला तीन आठवडे जाऊन आला होता. त्याने आणलेले पेढे अजून संपले नव्हते. लग्नाची रजा आणि नोकरी जाणं यांचा काही संबंध नाही, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. नसेलही. पण त्या दिवसानंतर आमच्या टीममध्ये कोणी दोन दिवसांच्या वर रजा घेतलेली नाही. तशी कोणी मनाई केलेली नाही. उलट दर सोमवारी मेल येते, स्वतःची काळजी घ्या, रिचार्ज व्हा. ती मेल वाचून आम्ही सगळे पुन्हा कामाला लागतो.

सप्टेंबरमध्ये कंपनीने 'ब्रिंग युअर पेरेंट्स डे' ठेवला. आईवडिलांना ऑफिस दाखवायचं, जेवू घालायचं, फोटो काढायचे. ऊर्मीने, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने, हे कुठून तरी ऐकून आजीला सांगितलं आणि मग सुटका नव्हती. आईने नारायणपेठ साडी नेसली, वर माझं जुनं जॅकेट चढवलं, पायात स्पोर्ट्स शूज, हातात तिची मोठी पर्स. स्कायट्रेनमध्ये ती ताठ बसली होती. मला वाटलं, थंडी वाजत असेल.

ऑफिसात तिने सगळं तपासणीला आल्यासारखं पाहिलं. अंड्याच्या खुर्चीत एक मुलगा तोंड उघडं टाकून झोपला होता.

"हा आजारी आहे का?"

"नाही गं, आराम करतोय."

"घरी का नाही जात?"

मी तिला पुढे नेलं. कॅफेटेरियात भिंतीवर वेळा लिहिल्या होत्या. तिने चष्मा वर करून वाचल्या. "रात्रीचं जेवण साडेसहाला? रात्रीसुद्धा जेवून राहिले हे लोक इथे? मग यांच्या घरचा स्वयंपाक कोण खातं?"

"आई, हळू."

"मी मराठीत बोलून राहिली. इथे कोणाला कळतं?"

जेवणाच्या टेबलावर हेदर आली. हेदर माझी मॅनेजर, माणूस म्हणून चांगली आहे, खोटं कशाला बोलू. आईचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "युअर सन इज अवर रॉक." मी कसा कधीही उपलब्ध असतो, कोणालाही नाही म्हणत नाही, वगैरे सांगितलं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने पर्स उघडली आणि एक पाकीट काढून हेदरच्या हातात ठेवलं. दोन्ही हातांनी, साहेबाला देतात तसं.

मी ते पाकीट ओढून घेणार होतो, पण तोवर हेदरने कागद उघडला होता. रेघांचा फुलस्केप, डावीकडे समास सोडलेला, निळ्या शाईचं ठसठशीत अक्षर. 'रिस्पेक्टेड मॅडम' अशी सुरुवात होती. विषय : माझा मुलगा चि. मिलिंद यास दहा दिवसांची रजा मंजूर होणेबाबत. त्याखाली तिने इंग्रजीतच लिहिलं होतं की त्याचा अर्ज जुलैपासून आपल्याकडे प्रलंबित आहे, मी सोळा दिवसांनी भारतात परत जात आहे, माझं वय अडुसष्ट आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.

हेदरने छातीवर हात ठेवला. "ओह, धिस इज सो स्वीट." मग ती थांबली. तिने कागद पुन्हा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच काही उलगडत नव्हतं. "पण मिलिंद, यू नेव्हर आस्क्ड." मग आईकडे वळून, आईला नीट कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "ही नेव्हर आस्क्ड मी. वी हॅव अनलिमिटेड. ही कॅन गो टुमॉरो!"

आईला इंग्रजी बोलायला जड जातं, कळायला नाही.

ती हसली, "थँक यू मॅडम" म्हणाली, फोटोलाही उभी राहिली. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात ती माझ्यापासून वीतभर लांब उभी आहे.

परतीच्या स्कायट्रेनमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. बर्नाबी गेलं, लोहीड गेलं. शेवटी मीच म्हणालो, "आई, मी सोमवारपासून घेतो रजा."

"अर्ज कुठे पेंडिंग होता रे?"

मी दारावरचा स्टेशनांचा नकाशा वाचायला लागलो.

"मी तुझ्या त्या बाईला दोन महिने मनातल्या मनात शिव्या देऊन राहिली. बिचारी." तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "माझ्याबरोबर दहा दिवस काढायचं जिवावर आलं होतं तर तसं सांगायचं. म्हातारी माणसं कंटाळवाणी होतात, मला कळतं ते."

"तसं नाही आई."

"तुझ्या दहावीला मी महिनाभर अर्जित रजा घेतली होती. साहेब नाही म्हणत होता. भांडून घेतली. तुला तर भांडावंही लागणार नव्हतं."

"मला भीती वाटते," मी म्हणालो. चव्वेचाळिसाव्या वर्षी, भर गाडीत, आईला. समोर बसलेल्या बाईने फोनमधून मान वर केली. मग मी थांबलोच नाही. निमिषचं सांगितलं, पेढ्यांचं सांगितलं. तुमच्याकडे तीस दिवस लिहिलेले असायचे, ते घेताना कोणाचं तोंड बघायला लागायचं नाही. इथे एक दिवस जरी घेतला तरी तो मी जास्तच घेतला असं मला वाटतं, कारण बरोबर किती ते कुठेच लिहिलेलं नाही. मग मी कमी घेतो. मग आणखी कमी. गेल्या वर्षी मी चार दिवस घेतले होते, त्यातले दोन तापाचे.

आईने पर्स मांडीवर सरळ ठेवली. तिच्या चेहऱ्यावर तिचा ऑफिसातला भाव आला होता.

"म्हणजे तुझ्या नावावर एकही दिवस नाही," ती म्हणाली.

"अनलिमिटेड आहे गं."

"तेच म्हणून राहिली मी."

घर येईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला होता. मला वाटलं, मिटलं. चला, एवढ्यावर निभावलं.

सोमवारी आम्ही निघालो. ऊर्मीची शाळा बुडवली. अस्मिताने दोन वर्षांनी पहिल्यांदा गाडीत गाणी लावली. आई पुढच्या सीटवर बसून प्रत्येक डोंगराला "अरे बापा" म्हणत होती. पहिले दोन दिवस मी फोन अस्मिताच्या पर्समध्ये ठेवला. रिव्हर्सची सोय नसलेल्या गाडीत बसल्यासारखं वाटत होतं, पण ठेवला. आई माझ्याकडे बघायची आणि शेंगदाण्याचा लाडू हातात द्यायची. बाबा गेल्यापासून तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या नदीवर जायचं होतं. तिथली मोठ्या चाकांची बस साडेदहाची होती, त्यासाठी मोटेलवरून साडेआठला तरी निघायला हवं होतं. आई साताला तयार. दोन स्वेटर, मफलर, वर माझं जॅकेट. आठला मी वॉशरूममध्ये गेलो. लॅपटॉप मी टॉवेलात गुंडाळून नेला होता. फक्त पाच मिनिटं बघणार होतो.

सव्वाआठला दारावर टकटक झाली. अस्मिता असेल असं वाटून मी बसल्या जागेवरूनच दार किलकिलं केलं. आई होती. तिला कमोडच्या झाकणावर बसलेला मी दिसलो, आणि माझ्या मांडीवरचा उघडा लॅपटॉप.

ती हळूच आत आली. "कोणी बोलावलं का तुला?"

"नाही."

"काही बिघडलं का तिकडे?"

"नाही."

"मग काय करून राहिला तू?"

कोणीच मला बोलावलं नव्हतं. हेदरने तर टीमच्या चॅटवर लिहिलं होतं, मिलिंदला त्रास देऊ नका. एका कामावर टीममधले पाच जण आपापसात बोलत होते आणि सगळं व्यवस्थित चाललं होतं. माझ्यावाचून. तेच मला बघवत नव्हतं. त्यात माझं नाव कुठेतरी दिसावं म्हणून मी एक उत्तर लिहीत होतो, ज्याची कोणालाच गरज नव्हती.

आई चिडली नाही. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

बाहेरून ऊर्मीचा आवाज आला, "आजी, व्हेअर इज डॅड? वी आर गोइंग टु बी लेट!"

"डॅडचं पोट बिघडलं बाळा. स्टमक. खूप दुखून राहिलं त्याला," आई म्हणाली. "आपण तिघी जाऊ. अस्मिता, तू गाडी काढ. त्याला पडू दे जरा."

पोटदुखीची खोटी सर्टिफिकेटं एकतीस वर्षं परत पाठवणारी माझी आई. तिने ते इतकं सहज सांगितलं की अस्मितानेही काही विचारलं नाही.

दार बंद झाल्याचं ऐकलं. वॉशरूमच्या छोट्या खिडकीतून मला ती गाडीकडे जाताना दिसली. माझ्या जॅकेटच्या बाह्या तिला लांब होत होत्या. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. उठून ओरडलो असतो तर त्या थांबल्या असत्या. मला रडू आलं. मी तसाच बसून राहिलो आणि गाडी वळल्यावर ते उत्तर पूर्ण करून पाठवून दिलं.