अकरा नंबरची बाभळ

झाड न तोडता त्याचं वजन कसं काढायचं, हा हर्षालीच्या संशोधनाचा विषय. खोडाचा घेर घ्यायचा, उंची घ्यायची, सूत्रात घालायची आणि लाकूड किती ते सांगायचं. विद्यापीठातले सर विषयावर खूश होते. येडशीजवळच्या शेतकरी धुळाप्पांना मात्र हसू आवरेना. "न तोडता वजन? मंग शेळी न कापता मटण मोज की!"

हसले, पण बांधावरच्या दहा बाभळी त्यांनी मोजू दिल्या. टेपचं दुसरं टोकही धरलं. हर्षालीनं प्रत्येक खोडावर छातीच्या उंचीला आकडा रंगवला. सरांनी पिवळा रंग घ्यायला बजावलं होतं. दुकानात पिवळा संपला होता, म्हणून तिनं लाल घेतला. कुठलाही असला तरी काय फरक पडतो, असं तिला वाटलं. एवढ्या शिकलेल्या पोरीनं सरांना एक फोन करून विचारायला काय हरकत होती?

शेवटी धुळाप्पांनी शेळ्यांच्या वाड्याजवळची म्हातारी बाभळ दाखवली. "हिच्यावर बी टाक."

"ही वाकडी आहे, मामा. माझ्या मोजणीत नाही बसत."

"नसंना का. सरकारी नंबर पडला की झाडाला कुणी हात लावत न्हाय. उन्हाळ्यात शेळ्या हिच्या शेंगांवरच जगत्यात."

नंबर सरकारी नाही, हे तिनं तिथंच सांगायला हवं होतं. पण म्हातारा इतका खुशीत होता की तिनं हसून अकरा लिहून टाकलं.

पंधरा दिवसांनी ती आली, तेव्हा अकराच्या अकरा बाभळी आडव्या झाल्या होत्या. वीजवाहिनीखालची झाडं काढायला ठेकेदाराची माणसं आली होती. तोडायच्या झाडावर लाल आकडा, ही त्यांची रीत. तारेपासून लांब असलेली झाडंही त्यांनी आकडा बघून पाडली. उद्या लाकूड उचलणार होते.

तिनं रडत सरांना फोन लावला. सर हळहळले. मग म्हणाले, "ओलं आहे तोवर पाल्यासकट वजन करून घे. तुझं सूत्र खरं की खोटं, ते आता कळेल. असा आकडा कुणाकडेच नाही."

त्या क्षणी तिला सरांचा राग आला, आणि त्याहून स्वतःचा. कारण काटा भाड्यानं कुठं मिळेल, हे तिच्या मनात आधीच येऊन गेलं होतं.

धुळाप्पा अकराव्या बाभळीच्या बुंध्याशी बसले होते. इतका पाला एका जागी कधी न मिळालेल्या शेळ्या त्यावर तुटून पडल्या होत्या.

"सरकारनंच नंबर टाकला अन् सरकारनंच तोडलं," ते म्हणाले. "आता कुणाला बोलावं?"

गप्प राहिली असती तर निभावून गेलं असतं.

"मामा, तो नंबर सरकारचा नव्हता. माझाच होता. सरांनी पिवळा रंग सांगितला होता, मी लाल घेतला. लाल बघून तोडली त्यांनी."

धुळाप्पांनी आडव्या खोडावरच्या लाल अकरावर हात ठेवला.

"दहा तुझी," ते म्हणाले. "ही न्हाय. हिच्यावर नंबर म्याच मागून घेतला."

"नाही मामा, मीच..."

त्यांनी हातानंच तिला गप्प केलं. मग काठी टेकून उठले आणि शेळ्यांना बाजूला हाकलू लागले. त्या हलायला तयार नव्हत्या.

"कर वजन, पोरी," ते म्हणाले. "हिचं पयलं कर. पाला संपायच्या आत."