नऊ मिनिटं

आमच्या बस डेपोत गाडीची किल्ली मिळण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला तपासणीवरच्या ताईंच्या दारू ओळखणाऱ्या यंत्रात फुंकावं लागतं. शून्य आलं तर किल्ली, नाहीतर घर. ड्यूट्या मी लावतो आणि माझा स्वभाव मुळातच तिखट. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो.

मंगळवारी मिशीवाल्यांच्या फुंकेला यंत्र कोकललं. मिशीवाले आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. एकेकाळी पक्के पिणारे, पण सात वर्षांपूर्वी सोडली ती सोडलीच. "दाढ ठणकतेय हो ताई, आत्ताच औषधाच्या गुळण्या केल्या," ते म्हणाले. अशा वेळी माणसाला पंधरा मिनिटं समोर बसवायचं, पाण्याचा घोटही द्यायचा नाही आणि मग दुसरी फुंक घ्यायची, असा नियम आहे. गुळण्यांच्या औषधातलं अल्कोहोल तेवढ्यात तोंडातून उडून जातं, पोटातली दारू जात नाही.

पण बाहेर प्रवासी ओरडत होते आणि आत मी. "आटपा ताई, की मुहूर्त काढायचाय?" ताईंनी दुसरी फुंक घेतली. पुन्हा आकडा आला. मिशीवाल्यांना घरी पाठवलं. त्यांची नोकरी आता जाणार, हे सगळ्यांनीच गृहीत धरलं. "कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच," असं मी म्हणालोसुद्धा. आता त्याची शरम वाटते.

बुधवारी सकाळी मी साहेबांसमोर उभा असताना ताई आत आल्या आणि यंत्रातून निघालेल्या दोन्ही फुंकांच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. "साहेब, यावरच्या वेळा बघा. मध्ये सहाच मिनिटं आहेत, नऊ कमी. चाचणी रद्द करा. चूक माझी आहे, तसं लिहून आणलंय."

"अहो, हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आता तुम्हाला यंत्रावरून काढावं लागेल, कळतंय ना?"

"काढा. पण आधी त्यांना कामावर बोलवा."

"घाई कोणी केली?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "यंत्र माझ्या हातात होतं," त्या म्हणाल्या.

आपल्या चुकीचं खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं शोधणारी माणसं मी जन्मभर पाहिली. मीही त्यांतलाच. ही बाई मात्र माझ्या वाटणीचंही डोक्यावर घेऊन ताठ उभी होती.

"घाई मी केली, साहेब," मी म्हणालो. फार हळू निघालं, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो.

साहेबांनी चाचणी रद्द केली आणि मिशीवाल्यांना कामावर बोलवायला सांगितलं. ही फोनवर सांगायची गोष्ट नाही, असं ताईंचं म्हणणं पडलं. आम्ही दोघं मिशीवाल्यांच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं. हातात भरलेली बॅग होती. "मी माहेरी चाललेय. काय ते त्यांनाच सांगा."

ताईंनी दारातच सगळं सांगितलं आणि चिठ्ठ्या दाखवल्या. वहिनींनी वेळा दोनदा वाचल्या, बॅग खाली ठेवली आणि आत गेल्या. मिशीवाले सुजलेला गाल धरून खाटेवर बसले होते.

"कालपासून शपथा घेताय तुम्ही. मी तुमचं तोंडसुद्धा हुंगून बघितलं."

"वास आला का?"

"नाही आला. तरी विश्वास नाही बसला."

मिशीवाल्यांनी त्यांचा हात हातात घेतला. "कसा बसेल? ती सवय तुला मीच लावली होती."