वासाचं पाणी

झुंबरबाईने हंडा कमरेवरून उतरवला आणि थेट कोंडाजीच्या उंबऱ्यावर उपडा केला. पाणी ओट्यावरून वाहत त्याच्या चपलांखाली शिरलं.

"घे, तूच पी! काय कालवलंस रं येड्या पान्यात? पोरांनी तोंडाला लावलं आन् थुकलं."

"मावशी, पावडर हाय ती. टीसीएल. जंतू मरत्यात तिनं."

"पाच म्हैनं पप्पू पानी सोडत व्हता, तवा न्हाई आला वास. तू आलास आन् वास आला. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

रिकामा हंडा घेऊन ती निघाली. जाताना शेजारच्या तीन दारांत थांबली, त्यामुळे दवंडीला वेगळा माणूस लागला नाही.

कोंडाजी हा गावाचा पाणी सोडणारा. पवनानगरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, चारशे उंबऱ्यांचं गाव. नदीचं पाणी पंपाने टाकीत चढवायचं, त्यात पावडर घालायची आणि हातभर लांब लोखंडी चावीने एकेका आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, हे त्याचं चौदा वर्षांचं काम. पाणी सोडणाऱ्याकडे गावाचं लक्ष जातं ते पाणी आलं नाही तरच. चौदा वर्षं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, आणि कोंडाजीला त्याचाच अभिमान होता.

शिमग्याच्या सुमारास त्याची झोप उडाली. कानात बोलणी ऐकू येऊ लागली, की कुणीतरी टाकीत विष घालणार आहे. मग तो टाकीवर जाऊन बसला. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही, नुसती राखण. खाली कुणी दिसलं की ओरडायचा, "पानी पिऊ नका!" कुणाच्या अंगावर धावला नाही, कुणाला शिवी दिली नाही. बिचारा गावाला वाचवत होता. गावाने त्याला दोरीने बांधून खाली उतरवला आणि देवऋषी आणला. देवऋषीने लिंबं उतरवली, चिंचेच्या फोकाने पाठ सोलली. अखेर आरोग्य केंद्राच्या सिस्टरनेच त्याला पुण्याच्या दवाखान्यात पोचवला. पाच महिन्यांनी तो बरा होऊन आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळची गोळी एक दिवस चुकवायची नाही. गोळीने हात थोडा कापेल, त्याला घाबरायचं नाही. आणि काम सोडायचं नाही.

परवा तो कामावर रुजू झाला. पंपाच्या खोलीत शिमग्यात त्याने बांधून ठेवलेली पावडरीची गोणी तशीच होती. सुतळीची गाठसुद्धा त्याचीच. आत पावडरीचा दगड झालेला. सरपंच दत्तोबा आबांचा पुतण्या पप्पू सकाळी व्हॉल्व्ह उघडायचा आणि धरणाकाठच्या पर्यटकांच्या तंबूंवर कामाला पळायचा. वहीत मात्र रोज 'टीसीएल पाव किलो' असं लिहिलेलं होतं आणि खाली ग्रामसेवकांची झोकदार सही होती. मधल्या आषाढात नदी गढूळ झाली, घरोघर जुलाब लागले. झुंबरबाईची सासू भामाबाई त्यातच गेली. वय झालं होतं, म्हणाले.

गाठ हातात धरून कोंडाजी बराच वेळ तिथेच उभा राहिला. मग त्याने प्लास्टिकच्या पिशवीतली दुसरी गोणी फोडली. हात कापत होता म्हणून पावडर तीनदा वजन केली. बादलीत कालवली, निवळू दिली, वरची निवळ तेवढी टाकीत ओतली. काम चोख झालं. पाच महिने नुसतं नदीचं पाणी प्यालेल्या जिभांना त्याचा वास विषासारखा लागला.

नऊ वाजता पंचायतीच्या शिपायाने येऊन सांगितलं, दहाला कार्यालयात या, आबांनी बोलावलंय.

कोंडाजीने गोळ्यांची पुडी काढली तशी मुक्ता पुढे आली. संसाराच्या बावीस वर्षांत तिने नवऱ्याचा हात कधी धरून अडवला नव्हता.

"आवो, आजच्या दिस नका घिऊ. हात कापतो तुमचा. लोकं हाताकडंच बगत्यात."

"मुक्ते, एका दिसानं काय हात थांबायचा न्हाई. आन् न्हाई घेतली तर डोकं थांबायचं न्हाई."

त्याने गोळी जिभेवर ठेवली आणि कोरडीच गिळली. मग खुंटीवरची चावी घेतली आणि तपासणीची छोटी बाटली आणि काचेची नळी खिशात टाकली. आता त्याला भीती वाटत नव्हती. त्याच्या खिशात पुरावा होता. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचा थेंब सोडायचा. पाणी पिवळं झालं की पावडर बरोबर, पांढरं राहिलं की पावडर नाही. हे त्याला खुद्द ग्रामसेवकांनीच शिकवलं होतं.

कार्यालयाच्या व्हरांड्यात साठ-सत्तर माणसं जमली होती. दत्तोबा आबा खुर्चीत, शेजारी ग्रामसेवक, खांबाला टेकून पप्पू. बायका पायरीखाली उभ्या होत्या आणि सगळ्यांत पुढे झुंबरबाई.

"कोंडाजी," आबा म्हणाले, "गाव म्हनतंय, तू पान्यात कायतरी टाकतूस."

"टाकतूय की आबा. टाकायचीच असती. हितल्या हितं बघा खरं-खोटं."

त्याने व्हरांड्यातल्याच नळाचं पाणी नळीत घेतलं आणि बाटली उघडली. साठ-सत्तर जोड डोळे त्याच्या हातावर बसले. हात नेहमीपेक्षा जास्त कापू लागला. पहिला थेंब फरशीवर पडला. दुसरा त्याच्या अंगठ्यावर.

"आरं, ह्येला धड थेंब टाकता यीना," पप्पू म्हणाला, "आन् ह्यो गावाला पानी पाजतोय!"

लोक हसले. कोंडाजीने मनगट खांबाला दाबून धरलं. तिसरा थेंब नळीत पडला. पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

"बघा!" त्याने नळी उंच धरली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तो मोकळा हसला.

"आगं बया! पिवळं झालं की गं!" झुंबरबाईने छातीवर हात मारून घेतला. "इख हाय ह्ये! समद्यांच्या डोळ्यांम्होरं निगालं!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकच गलका उडाला. कुणी पोरं आठवली, कुणी गाभण म्हैस.

"आवो, पिवळं म्हंजी बरूबर!" कोंडाजी ओरडून सांगत होता. "भाऊसाहेबास्नी इचारा! भाऊसाहेब, तुमीच तर शिकवलंत मला!"

सगळे ग्रामसेवकांकडे वळले. त्यांनी नळी हातात घेतली, उजेडात धरली. त्यांना सगळं ठाऊक होतं. हे बरोबर आहे, एवढं एकच वाक्य. पण ते बोललं की पुढचं कुणीतरी विचारणार, मग पाच महिने वास का नव्हता? मग वही निघणार, सही निघणार, आषाढ निघणार. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा पप्पूकडे पाहत होते.

"तुमची तब्येत बरी नाही, कोंडाजी," ग्रामसेवक मायेने म्हणाले. "विश्रांती घ्या. नमुना आपण तपासायला पाठवू."

कोंडाजीला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. देवऋषीचा फोक त्याने सोसला होता, कारण देवऋषी अडाणी होता. हा माणूस शिकलेला होता.

"गोनी बघा की! माजी गाठ तशीच हाय गोनीला! आषाढात भामाकाकू गेली ती—"

"माज्या सासूचं नाव घेतलंस तर जीभ हासडीन!" झुंबरबाई किंचाळली.

"चढलं बगा पुन्ना," मागून कुणीतरी म्हणालं. "धरा त्येला."

शहाण्याचा आवाज चढला की त्याला राग म्हणतात, वेड्याचा चढला की झटका. दोघांनी त्याचे दंड धरले. त्यांतला एक त्याच्या चुलतभावाचा मुलगा होता. सगळा गाव आता तो धावून येण्याची वाट पाहत होता. कोंडाजीने हे ओळखलं आणि तो गप्प झाला. त्या गप्प होण्यालाही लोक घाबरले.

"चावी दे," आबा म्हणाले.

त्याने दंड सोडवून घेतले. कडोसरीचा रुमाल काढून चावी वरपासून खालपर्यंत पुसली आणि पप्पूच्या हातात दिली.

"वरच्या आळीच्या व्हॉल्व्हला जोर लावू नगं, आटा गेलाय त्येचा. आन् पावडर पाव किलो. निवळच घाल, गाळ न्हाई."

"व्हय, व्हय," पप्पू म्हणाला आणि लोक पुन्हा हसले.

घरी आल्यावर तो दिवसभर ओट्यावर बसून होता. सकाळचं पाणी केव्हाच वाळलं होतं. येणारे-जाणारे रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जात होते. दिवस मावळायला मुक्ताने भाकरी वाढली, जेवण झाल्यावर पुडी आणि पाण्याचा पेला समोर ठेवला.

कोंडाजीने पेला तोंडाशी नेला आणि थांबला. पाण्याला वास नव्हता.

त्याने कणगीच्या मागे पाहिलं. तिथे मुक्ताच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेला, विकतच्या पाण्याचा निळा जार होता. अर्धा संपलेला. म्हणजे आजचा नव्हता.

मुक्ता पदराशी चाळा करत उभी राहिली. "पोरीची, पिंकीची, सोयरीक बगायची हाय आपल्याला... बाया म्हनल्या, तुमी तरी पिताय का त्येच्या हातचं? म्या काय बोलू?"

त्याने पेला तिच्या हातात परत दिला, दुसरा पेला घेतला आणि अंगणातल्या नळाशी गेला. पाईपात सकाळचं पाणी थोडं उरलं होतं. पेला भरेपर्यंत अर्धं पाणी त्याच्या कापऱ्या हातावरून सांडलं. उरलेल्या पाण्याला पावडरीचा वास येत होता, बरोबर पाव किलोचा. त्याने गोळी जिभेवर ठेवली आणि ते पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं.

उद्यापासून गावाच्या पाण्याला वास येणार नव्हता.