ठकूबाईचे हात

ठकूबाईच्या आधी दवाखान्याच्या अंगणात यायचा तो तिच्या मनगटांतल्या चांदीच्या गोटांचा नाद. माघातल्या कोवळ्या उन्हात, लोकरीचा उबदार गंध मागे ठेवीत ती ताठ मानेने चालत यायची. आणि ज्या नादाने आम्ही सारे वळून पाहायचो, तो तिने स्वतः कधी ऐकलाच नव्हता. जन्मापासून ती बहिरी आणि मुकी. पण तिचे हात मात्र अखंड बोलत. लांडगा, वावटळ, व्यालेली मेंढी, सारे तिच्या दहा बोटांतून साक्षात उभे राहायचे.

मी सांगलीची. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत औंध संस्थानाच्या पूर्वेकडल्या कोरड्या मुलखात, एका लहानशा दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. ठकूबाई पहिल्यांदा आली ती गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात, सासूबरोबर. डॉक्टरांनी विचारले आणि उत्तर सासूने दिले.

"तिला काय इचारता? मुकी हाय ती. जेवान जात न्हाई, एवढंच."

डॉक्टरांनी भुकेचे औषध लिहिले. आदल्या खेपेचे मूल पोटातच गेले होते, ठकूबाई कशीबशी वाचली होती; तेव्हाही तिला कुणी काही विचारले नव्हते.

बाटली घेऊन ती पायरीपर्यंत गेली, थबकली, आणि परतून तिने माझा पदर धरला. कपाळ दाबले, मग मुठी डोळ्यांपुढे नेऊन बोटे फटकन उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मला उमगेना. तिने मला ओढतच अंगणात नेले, पाण्याच्या हंड्यावर लखलखणारे ऊन दाखवले आणि पुन्हा तीच बोटे उघडली. मी खाली बसून तिच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून येईना.

मी धावत आत गेले. "डॉक्टरसाहेब, तिचं डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं ठिणग्या उडताहेत. पायही सुजलेत."

जिवावर बेतेल इतका चढलेला रक्तदाब पाहून त्यांचा चेहरा उतरला. "हे तिनं सांगितलं?"

"तिनंच."

तिला ठेवून घ्यायचे ठरले तशी सासू म्हणाली, "आवं बाई, मेंढरं कोन राखनार?" ठकूबाईने सासूकडे बोट दाखवले आणि खुशाल खाटेवर मांडी घातली. सासूसकट आम्ही सगळे हसलो.

ते तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत, अळणी जेवणात आणि इंजेक्शनांत गेले. पण माझ्यासाठी ती एक शाळाच होती. दुखणे, गरगरणे, भीती, बरे वाटणे, एकेका खुणेचे धडे ती मला देई, आणि मी चुकले की कपाळावर हात मारून घेई.

मुलगी झाली. तिच्या पहिल्या टाहोने खोली भरून गेली, तेव्हा ठकूबाईने आपला तळवा त्या इवल्या छातीवर ठेवला, तिथली थरथर ओळखली, आणि तिचा चेहरा उजळत गेला. "लय वरडती गं!" म्हणता म्हणता सासूने, आयुष्यात प्रथमच, सुनेला ते हातांनी सांगितले.

पुढे डॉक्टर आधी रोग्याकडे पाहू लागले, मग सोबतच्या माणसाकडे; माझी खुर्ची त्यांच्या मेजाशेजारी आली. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतली न बोलणारी माणसे आपणहून येऊ लागली, आणि त्यांच्यापुढे ठकूबाई माझी परीक्षा घेतल्याच्या थाटात बसे.

आता ती नाही. गेलेल्या माणसाचा आवाज काळ सर्वांत आधी पुसून नेतो. ठकूबाईपाशी मात्र त्याला नेण्यासारखे काहीच सापडले नाही.